चादरीच्या मागच्या बाजूला

आमच्या गल्लीत एका सिनेमावरून वर्षभर भांडण चाललं. लोकांना ती करमणूक होती, मला नव्हती. सिनेमातली बाई शेवटी घरी परत आली की बाहेरच्या अंधारात निघून गेली, एवढाच वाद. माझ्या बायकोने तो सिनेमा बघितला, "बरोबर केलं तिने" एवढं बोलली, आणि विसर्जन झाल्यावर डायलिसिसच्या मशीनवर जायला साफ नकार देऊन बसली. पितृपंधरवड्यात गेली. आता त्या बाईने नेमकं काय केलं म्हणून ते हिला बरोबर वाटलं, हे मला कळायला नको? बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नाही. माझं सगळंच अडलं आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. जन्मभर स्वारगेटच्या डेपोतून बस चालवली. मुलगी कर्वेनगरला असते, ती म्हणाली, बाबा, सांगून सांगून लोकांना कंटाळा आणलात, आता लिहून काढा. तोंडावर बोलते. आईवर गेली आहे. म्हणून लिहितो आहे.

आमची गल्ली पूर्वेकडच्या पेठेतली. अरुंद. समोरच्या घरातली भाजी जळली तर आमच्या नाकाला कळतं. हिंदू, मुसलमान, सगळे जुने, आणि गणपतीचं मंडळ सगळ्यांचं. मांडव गल्लीच्या तोंडाशी. दरवर्षी एक दिवस आरतीनंतर सिनेमा. त्यासाठी गल्लीच्या मधोमध, नळाच्या खांबापासून समोरच्या भिंतीतल्या कडीपर्यंत, मोठी पांढरी चादर बांधायची. खरं म्हणजे दोन चादरी शिवून एक केलेली. सिनेमाआधी तिच्यावर पाणी मारायचं. ओली झाली की चित्र आरपार उमटतं.

ते आरपार उमटायला हवंच, कारण आमच्याकडे चादरीच्या दोन्ही बाजूंनी माणसं बसतात. मांडवाकडच्या बाजूला खुर्च्या, तिथे पुरुष. मागच्या बाजूला घरांच्या पायऱ्या, तिथे बायका. हा काही कोणी केलेला नियम नाही. पूर्वी बायका स्वयंपाक उरकून येईपर्यंत पुढच्या जागा भरलेल्या असायच्या, म्हणून त्या आपापल्या पायरीवरच बसायला लागल्या. तिथून कुकरची शिट्टी ऐकू येते, पाळण्यातलं पोर दिसतं. मागून चित्र उलटं दिसतं, पण त्याचं कोणाला काही नाही. हिरो डाव्या हाताने जेवतो, मोटारीचा नंबर उलटा येतो. आमची ही म्हणायची, "आमच्या बाजूला सगळे डावखुरे." आणि हसायची. प्रेमाच्या सिनेमाला काय, मारामारीच्या सिनेमाला काय, डावं उजवं झाल्याने काही बिघडत नाही.

त्या वर्षी सिनेमा निवडला तो गल्लीतल्याच एका पोराने. आता पोरगा नाही म्हणा, बायकोमुलं घेऊन वाघोलीला फ्लॅटमध्ये राहतो, कंप्यूटरवर नोकरी करतो. गणपतीत मात्र इथेच. तो म्हणाला, दरवर्षी काय त्याच त्या कॉमेडी, यंदा सायन्स फिक्शन लावू, माइंड ब्लोइंग आहे, हिंदीत डब आहे, टेन्शन नाही. प्रोजेक्टरही त्यानेच आणला. त्यामुळे कोणाला नाही म्हणता येईना.

हिला तेव्हा दिवसाआड मशीनवर घालायला लागायचं. दोन्ही किडन्या गेलेल्या. हाताला सुया टोचून टोचून शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या. मशीनवरून आली की दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची आणि जरा बरं वाटलं की पुन्हा जायची वेळ यायची. मोजून पाणी. मी पेला भरून पाणी प्यायलो तर ती माझ्या घशाकडे बघायची, म्हणून मी मोरीत जाऊन प्यायचो. पण सिनेमाला बसते म्हणाली. आमचं घर चादरीच्या मागच्या बाजूला. मी दारात खुर्ची ठेवली, पायाखाली पाट दिला, आणि भाभींना सांगितलं लक्ष ठेवा. भाभी म्हणजे समोरच्या घरातल्या. त्यांच्या आणि हिच्या चुली तीस-चाळीस वर्षं एकमेकींच्या तोंडासमोर. मग मी पुढे जाऊन पुरुषांत बसलो.

सिनेमा असा. सूर्य विझला आहे आणि माणसं जमिनीखाली राहतात. वर एक यंत्र आहे, त्याच्यावर सगळ्यांची ऊब चालते. ते बिघडतं म्हणून एका बाईला वर पाठवतात. नवरा खाली राहतो. निघताना एक म्हातारा पहारेकरी तिला सांगतो की येताना एक खोली लागेल, तिला दोन दारं. उजवं दार आपल्या घराकडे, डावं बाहेर. बाहेर गेलेला कोणी परत आलेला नाही. बास, एवढंच कळण्यासारखं. पुढे सगळा काळोख. चादरीवर चित्र चालू आहे की वीज गेली हेच समजेना. आमच्या गल्लीत एक निवृत्त हेडक्लार्क आहेत, ते मधेच उठून विचारते झाले की प्रोजेक्टरला चष्मा लागलाय का. बाई चालते, चालते, थांबते, पुन्हा चालते. शेवटी यंत्रापाशी पोचते आणि बघते तर ते दुरुस्त होण्यातलं राहिलेलंच नसतं. ती हत्यारं खाली ठेवते. अगदी हळू, एकेक. मग ती खोली येते. पहिल्यांदाच दिसते ती. शेजारी शेजारी दोन सारखी दारं. कुठं काही लिहिलेलं नाही. बाई आपल्याकडे पाठ करून उभी. बराच वेळ. मग एका दाराशी जाते, ते उघडते, तोंडावर उजेड पडतो, ती हसते. संपला.

मी तरी बघितलं की ती डाव्या दाराने गेली. आमच्या बाजूच्या सगळ्यांनी तेच बघितलं.

आमच्यात कोणी टाळी वाजवली नाही. वाघोलीवाला एकटाच उभा राहिला होता. दिवे लागले तेव्हा ही माझ्या शेजारी उभी होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चला." घरी गेल्यावर मी म्हणालो, काय तरी मेला सिनेमा, डोक्याला ताप. ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "बरोबर केलं तिने." मला राग आला. नवऱ्याला अंधारात टाकून गेली, त्यात बरोबर काय, असं मी म्हणणार होतो. पण तिचे पाय सुजले होते, ते चेपायला बसलो.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी मशीनवर जायचं होतं. रिक्षा दारात आली आणि ती म्हणाली मी येत नाही. मी समजावलं, मुलगी येऊन रडली, डॉक्टरांनी फोनवर सांगून बघितलं. ती कोणावर चिडली नाही. मला म्हणाली, "अहो, आता नका नेऊ. बास झालं." पुढे दोन आठवडेही नाही.

तेराव्यालासुद्धा आमच्या लोकांनी सिनेमा सोडला नाही. पुरी वाढता वाढता हेडक्लार्क कोणाला तरी सांगत होते की ती बाई मेली हे उघड आहे. बायकांच्या पंगतीतून कोणीतरी बोललं की मेली कुठे, घरी गेली, आम्ही सगळ्यांनी बघितलं. तेव्हापासून सुरू झालं. गल्लीत उभे दोन तट पडले. पुरुष म्हणणार बाहेर गेली, बायका म्हणणार घरी आली. पुरुष म्हणाले बायकांना सगळं गोड लागतं, त्यांना शेवटी आरती हवी असते. बायका म्हणाल्या पुरुष मोबाइलमध्ये तोंड घालून बसले होते, त्यांना दार काय दिसणार. हेडक्लार्कांनी नळावर सगळ्यांना समजावून सांगितलं, की बाहेर अंधार असताना उजेड कसा पडला असं विचाराल, तर तो मरणाचा उजेड आहे. त्यावर भाभी म्हणाल्या, "साहेब, आपण जाऊन आलात वाटतं." वाघोलीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, काका, तेच तर ब्युटी आहे, एंडिंग ओपन आहे. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

मी सुरुवातीला त्यात पडलो नाही. पण घरात दुसरं होतं काय? तिची खाट, तिच्या औषधांची पिशवी, आणि ते एक वाक्य. बसलो की ते वाक्य, उठलो की ते वाक्य. ती बाई डाव्या दाराने गेली आणि हिला ते बरोबर वाटलं, म्हणजे मला सोडून जाणं बरोबर वाटलं. मी तिला जड झालो होतो? मी पाय चेपत होतो ते तिला नको होतं? माणूस इतकी वर्षं बरोबर राहून एका सिनेमातल्या परक्या बाईकडून जाणं शिकतो? मी त्या सिनेमाला शिव्या घातल्या, वाघोलीवाल्याला त्याच्या बायकोदेखत नको ते बोललो. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला, त्याचा आणखी राग आला.

मग एक दिवस भाभी पायरीवर लसूण सोलत होत्या. मी म्हणालो, भाभी, खरं सांगा, तुम्ही नक्की काय बघितलं? त्या म्हणाल्या, "नळाकडचं दार उघडलं हो तिने. उजव्या हाताचं. मी तुमच्या बायकोला म्हटलंसुद्धा, चला, पोचली घरी."

मी तसाच हेडक्लार्कांकडे गेलो. ते जेवत होते. म्हणालो, ती बाई गल्लीच्या कुठल्या बाजूला गेली? नळाच्या की कडीच्या? ते वैतागले. म्हणाले, नळाच्या, आणखी कुठे, डावीकडे.

मी चादर बांधतात तिथे जाऊन उभा राहिलो. मांडवाकडून बघितलं, नळ डाव्या हाताला. मागे जाऊन बायकांच्या बाजूने बघितलं, नळ उजव्या हाताला. जन्मभर आरशात बघून बस मागे घेतली आणि हे डोक्यात येऊ नये! पहारेकऱ्याने उजवं दार घरचं म्हणून सांगितलं ते दोन्ही बाजूंनी सारखंच ऐकू आलं. चित्र मात्र त्यांच्याकडे उलटं गेलं. पुरुषांनी तिला बाहेर जाताना बघितलं, बायकांनी घरी येताना. कोणी खोटं बोलत नव्हतं.

आणि ही बायकांत बसली होती.

मी नळाशीच रडलो. लोकांना वाटलं नेहमीचंच. पण ते नेहमीचं नव्हतं. हिने बघितली ती घरी येणारी बाई. यंत्र दुरुस्त होत नाही म्हणून हत्यारं खाली ठेवते आणि घरी येते. मशीन सोडून माझ्याकडे आली ती. माझ्यापासून गेली नाही. "अहो, आता नका नेऊ" म्हणाली, ते घरातून नका नेऊ असंच ना?

ही गोष्ट मी भाभींशिवाय कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर भांडण मिटलं असतं, पण मिटताना बायकांची बाजू पडली असती. सिनेमा काढणाऱ्याने तर डावंच दार दाखवलं होतं. मला ती बाजू पडायला नको होती. मी नळावर उभा राहून बायकांच्या वतीने भांडायला लागलो. हेडक्लार्क म्हणाले, अहो, तुम्ही तर आमच्यात बसला होतात. मी म्हणालो, मला डुलकी लागली होती.

भाभी मात्र लसूण सोलत राहायच्या. मी रोज तेच सांगायचो, त्या ऐकून घ्यायच्या. एकदा मी जास्तच बोललो असेन. त्या म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू? मी तिला पोचली घरी म्हटलं खरं. पण वळून बघितलं तर खुर्ची रिकामी होती. ती आधीच उठली होती."

किती आधी, मी विचारलं. त्यांना सांगता येईना. म्हणाल्या, दारं आली तेव्हा होती की नव्हती देव जाणे, माझे डोळे पडद्यावर.

मग मला तो खांद्यावरचा हात आठवला. दिवे लागले तेव्हा ही माझ्या शेजारी उभी होती. मागून पुढे यायला चादरीखालून, नळाजवळून वाकून यावं लागतं. तिला धड चालवत नव्हतं, वाकणं तर दूरच. म्हणजे ती बरीच आधी निघाली असली पाहिजे. म्हणजे दारं आली तेव्हा ती माझ्या मागे उभी राहून, माझ्याच बाजूने बघत असेल. किंवा नसेल. इंग्रजी सिनेमात शेवटी नावं किती वेळ चालतात, तेवढ्यात आली असेल. मी मागे वळून बघितलं नाही. सिनेमा बघत होतो.

आता हे कोणाला विचारायचं? मी पुरुषांपैकी एकेकाला गाठलं. माझ्या मागे कोणी उभं होतं का? एक म्हणाला होत्या वाटतं. एक म्हणाला नव्हत्या. एकाने मला चहा पाजला. मुलगी म्हणाली, बाबा, आई थकली होती म्हणून गेली, सिनेमाचा काय संबंध, तुम्ही डॉक्टरला दाखवा. तिचं बरोबर असेल. पण थकलेली माणसंसुद्धा कुठल्या तरी दाराने जातात. आणि समजा, तिने बायकांच्याच बाजूने बघितलं. तरी काय? उलट्या चित्रावर विश्वास ठेवून गेली, असं म्हणायचं? हे डोक्यात आलं की अंगावर पांघरूण घेऊन दिवसा पडून राहायचो. भाभी डबा दाराशी ठेवून जायच्या.

पुन्हा गणपती आले. मी मंडळाच्या बैठकीला गेलो आणि म्हणालो, तोच सिनेमा परत लावा. मला मागच्या बाजूला, तिच्या खुर्चीवर बसून बघायचा आहे. हे शेवटचं मी मनात म्हणालो. तोंडाने एवढंच म्हणालो की वर्षभर भांडलात, आता एकदा सोक्षमोक्ष लावा. सगळ्यांना पटलं. वाघोलीवाल्याचा तर चेहरा फुलला.

त्या दिवशी मी आरतीला थांबलो नाही. खुर्ची दारात ठेवली, पाट ठेवला, बसलो. बघतो तर चादर नाहीच. टेम्पोतून काळे चौकोन आले आणि पोरांनी ते जोडून भिंतीसारखं काहीतरी उभं केलं. मी विचारलं, चादर कुठे आहे? वाघोलीवाला म्हणाला, "काका, एलईडी वॉल आणलीय यंदा. क्वालिटी बघा फक्त." मी म्हणालो, मागून दिसतं का? तो हसला. म्हणाला, मागून कशाला बघायचं, आता सगळ्यांना पुढे खुर्च्या आहेत, लेडीजना पण.

खरंच सगळ्या बायका पुढे गेल्या. भाभी मला बोलवायला आल्या, मी नाही म्हणालो. सिनेमा सुरू झाला. माझ्यापुढे लोखंडी सांगाडा, वायरींचा गुंता आणि पंख्याची गरम हवा. आवाज तेवढा येत होता. पहारेकरी बोलला, उजवं दार घराकडे, डावं बाहेर. मग बराच वेळ नुसती पावलं. हत्यारं खाली ठेवल्याचे आवाज आले, एकेक. मला बसवेना. मी नळाजवळून पुढे गेलो आणि बायकांच्या मागे उभा राहिलो.

चित्र असं स्वच्छ की काळोखातलासुद्धा बारीक दगड दिसावा. दोन दारं आली. बाई उभी राहिली. मग डाव्या दाराशी गेली आणि ते उघडलं.

बायका खुर्च्यांवरून पुढे झुकल्या. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "अगं बाई, ही तर गेली." दुसरी म्हणाली, मागच्या वेळी आपल्याला उलटं दिसलं असणार गं, चादरीमुळे. आणि झालं, सगळ्यांना एकदम कळलं. हसायला लागल्या. पुरुष टाळ्या वाजवायला लागले. कोणीतरी हेडक्लार्कांना हार घाला म्हणालं. वर्षभराचं भांडण एवढ्यात संपलं, जशी काही हिची बाजू कधी नव्हतीच.

मी ओरडलो, "घरी आली ती."

सगळे वळले. मी म्हणालो, तुम्हाला काय दिसलं ते तुमच्यापाशी ठेवा, ती घरी आली आहे. मी गेल्या वर्षी बघितलंय. खोटंच बोलत होतो, सगळ्यांना माहीत होतं. वाघोलीवाल्याने घाईने आवाज बंद केला. भाभींनी पदर तोंडाला लावला. मी हेडक्लार्कांसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, बोला की आता. डावीकडे गेली ना? मरणाचा उजेड ना? बोला.

मला वाटलं ते बोलतील. या माणसाने वर्षभर मला एकदासुद्धा जिंकू दिलं नव्हतं. भाजीच्या गाडीपाशी, रिक्षा स्टँडवर, दुसऱ्या कोणाच्या दशक्रियेला ओंकारेश्वराच्या घाटावरसुद्धा त्याने मला सोडलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले, माझा दंड धरला आणि अगदी हळू म्हणाले, "आली असेल हो. घरीच आली असेल."

सगळ्यांनी माना हलवल्या. बायकांनीही, पुरुषांनीही. वाघोलीवाला म्हणाला, हो काका, तसं पण इंटरप्रिटेशन आहे. कोणीतरी मला बसायला खुर्ची दिली. भाभींनी पाणी आणलं, पेला भरून, आणि मी ते सगळ्यांच्या समोर प्यायलो.

त्यानंतर गल्लीत त्या सिनेमाचा विषय निघत नाही. मी काढला तर म्हणतात, हो, घरीच आली. लगेच म्हणतात. हेडक्लार्क तर मी तोंड उघडायच्या आधीच मान डोलावतात. काल मी मुद्दाम म्हणालो, नाही हो, बाहेरच गेली ती, नवऱ्याला टाकून गेली. तर त्यालाही ते हो म्हणाले.